ओल्या कापडाखालचा डबा

मन्मथ सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्यांच्यावर चिडलेलीच होते. सकाळची वेळ. मेसच्या पोरींना सुशीला, म्हणजे फोडणीचे चुरमुरे, वाढत होते, निम्म्या पोरींची क्लासला जायची घाई, आणि त्यातच नांदेडहून सरांच्या मुलीचा फोन. "मावशी, बाबा गेले," एवढंच ती बोलली आणि रडायला लागली. मीही काहीतरी बोलले असेन, काय ते आठवत नाही. फोन ठेवल्यावर मात्र माझ्या तोंडून जे निघालं ते पोरींनी ऐकलं आणि अजून त्या मला त्यावरून चिडवतात. मी म्हणाले, "ह्यांना नांदेडला जाऊन मरायचं काय नडलं होतं?"

आता ह्या गोष्टीला काही आठवडे झाले. पुरवणीसाठी सरांवर लिहाल का, असं विचारलं गेलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले होते. कारण सरांवर जे जे छापून आलं, फलकांवर लागलं, ते सगळं मी वाचलेलं होतं. शांत, मनमिळाऊ, अजातशत्रू! अजातशत्रू हा शब्द वाचून मी चहाचा कप खाली ठेवला. अहो, त्यांची शत्रू त्यांच्या समोरच्या घरात राहते, मेस चालवते, आणि बावीस पोरींचा स्वयंपाक करते. तिला कुणी विचारलं का? मन्मथ सर शांत नव्हते, हेकट होते. मनमिळाऊ तर मुळीच नव्हते. शाळेतून निवृत्त झाले तरी त्यांचा वर्ग सुटला नव्हता, सगळी गल्लीच त्यांना वर्ग वाटायची. कुणाच्या अंगणात नळ ठिबकत असला तर फाटक उघडून आत यायचे, नळ बंद करायचे आणि एक शब्द न बोलता निघून जायचे. त्या न बोलण्याचा जेवढा राग यायचा तेवढा शिव्यांचाही आला नसता.

आमच्या भांडणाचं कारण पाणी. लातूरमध्ये दुसरं कारण लागत नाही. नगरपालिकेचा नळ यायचा तेव्हा यायचा, त्याच्या भरवशावर कुणी कुकर लावत नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर, कडुलिंबाखालून थोडं पुढं, सगळ्यांनी मिळून पाडलेला एक बोअर होता. शहराला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात ह्या बोअरवर रोज मारामाऱ्या व्हायच्या. ज्याचा पाईप लांब त्याचं घर भरायचं. तेव्हा एके दिवशी सर बोअरजवळ उभे राहिले आणि म्हणाले, "उद्यापासून पाळी. प्रत्येक घराला सारखा वेळ. वेळ माणूस मोजणार नाही, यंत्र मोजल." कुणाचा विश्वास बसला नाही. बालाजीराव, आमच्या गल्लीतलं सगळ्यात मोठं घर त्यांचं, हसून म्हणाले, "सर, हितं पाण्याची बोंब हाय अन् तुम्ही प्रयोग करायलात?"

पण सरांनी केलं. आपल्या व्हरांड्यात सतरंजी टाकून बसले, समोर सोल्डरिंगची, डाग द्यायची इस्त्री, शिशाची तार, राळेचा वास, आणि आम्ही सगळे बाया-माणसं जत्रेतला खेळ बघायला उभं राहावं तसे उभे. छिद्राछिद्रांची एक पट्टी, तिच्यावर दोन काळ्या आयसी, पाय आखडून बसलेल्या किड्यासारख्या. दहा बारीक दिवे एका ओळीत. सर एकेक वस्तू उचलून दाखवायचे आणि मगच जोडायचे. "हा कपॅसिटर. ह्याला माठ समजा. हा रेझिस्टर, हा बारीक नळ. नळातनं माठात थेंब थेंब वीज पडतीय. माठ ठरल्या खुणेपर्यंत भरला की ही आयसी माठ रिकामा करती आन् त्या दुसऱ्या आयसीला सांगती, एक दिवा पुढं सरकव. परत माठ भरायचा, परत एक दिवा. शेवटच्या दिव्यावर आला की बझर. बझर वाजला की पाईप काढायचा, पुढच्या घराची पाळी." कपॅसिटर लावताना त्यांनी तो सगळ्यांपुढून फिरवला होता. "अंगावर पांढरी पट्टी दिसायली का? पट्टी म्हणजे वजा. उलटा लावला तर फुटतो." मग एक बारीक पिवळा स्क्रू दाखवला. "नळ किती बारीक ठेवायचा ते ह्याच्यावर. हा आज बसवला की कुणी हात लावायचा न्हाई. मी पण न्हाई."

मी गर्दीतून पुढं झाले. नवरा जाऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, मेस नुकतीच उभी राहत होती. देगलूरच्या, मुखेडच्या, जळकोटकडच्या पोरी डॉक्टर व्हायला लातूरला आलेल्या, त्यांच्या आईबापांनी माझ्या हातच्या भाकरीवर विश्वास टाकलेला. मी विचारलं, "सर, माझ्या घरात एवढ्या पोरी जेवतात. त्यांचा स्क्रू कुठाय ह्याच्यात?"

सरांनी मान वर केली नाही. डाग देत देतच म्हणाले, "घर म्हणजे घर, सुमनताई."

"आणि माझ्या पोरींनी काय करायचं? परातीत तोंड धुवायचं?"

"तुमचा धंदा हाय. धंद्याला टँकर. घराला पाळी."

त्या दिवशी जे सुरू झालं ते सर जाईपर्यंत संपलं नाही. आणि मी आजही सांगते, त्यात चूक त्यांचीच होती. दोन माणसांचं घर आणि माझं घर ह्यांना एकच माप लावणं ह्याला न्याय म्हणत नाहीत, आळस म्हणतात. हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे, कितीतरी वेळा, कधी फाटकातून, कधी बोअरपाशी, एकदा तर मठात प्रवचन चालू असताना. ते ऐकून घ्यायचे आणि शेवटी तेच, घर म्हणजे घर.

पहिल्या बझरचा आवाज मोटारीपुढं ऐकूच येईना. मग सरांनी कुठून तरी ट्रक मागं घेताना वाजतो तसला भोंगा आणला, मोटारसायकलच्या जुन्या बॅटरीवर जोडला, आणि तेव्हापासून गल्लीचं जिणं हराम झालं. टी-टी-टी-टी... मेलेला माणूस उठून बसावा असा आवाज. नवा कुणी पाहुणा आला की दारात येऊन ट्रक शोधायचा. सगळं यंत्र बिस्किटांच्या एका चौकोनी पत्र्याच्या डब्यात बसवलेलं, झाकणाला दहा भोकं, त्यातून दिवे दिसायचे. गल्लीत त्याला सगळे टीटी म्हणायचे. मी किरकिऱ्या म्हणायचे, आणि ते डब्याला म्हणते की सरांना, हे मी कधी कुणाला सांगितलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांच्या बाजूनं सांगायला हवी, म्हणजे ते किती हेकट होते ते कळेल. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, घरात पाहुण्यांची दाटी, पोरगी हळद लावून न्हाणीत बसलेली, आणि टीटी वाजलं. सर मांडवातून उठले, नव्या धोतरावर, आणि स्वतःच्या हौदातून पाईप काढून शेजारच्यांच्या हातात दिला. शेजारी म्हणाले, "सर, राहू द्या, आज लग्नघर हाय." सर म्हणाले, "पाळी तुमची हाय." अक्का, म्हणजे सरांच्या मिसेस, पदर डोळ्याला लावून आत गेल्या. बाकीच्यांना त्याचं फार कौतुक वाटलं. मला नाही वाटलं. मला अक्कांकडं बघवेना. त्या दिवशी माझ्या घरातल्या दोन घागरी मी मागच्या दारानं त्यांच्या न्हाणीत पाठवल्या, आणि सरांना ते कळू दिलं नाही, नाहीतर त्यांनी त्या परत पाठवल्या असत्या.

मग आली ती मे महिन्यातली दुपार. डबा सरांनी बोअरच्या लोखंडी पाईपलाच टांगलेला होता, सगळ्यांना दिसावा म्हणून, आणि कडुलिंबाची सावली सकाळपुरतीच तिथं असायची. विज्ञान शिकवणाऱ्या माणसानं भर उन्हात पत्र्याचा डबा टांगावा! दुपारच्या पाळ्या लांबायला लागल्यात हे मला केव्हाच जाणवलं होतं. माझी भांडी सकाळी अर्धी राहायची, आणि दुपारवाल्यांच्या अंगणात चिखल व्हायचा. मी बोलले की सर म्हणायचे, "यंत्र कुणाचं नातेवाईक नसतं." पाळ्यांचा क्रम बदलत राहायचा, त्या दुपारी बालाजीरावांची पाळी होती, त्यांच्यानंतर माझी. मी पाईप घेऊन ऊन सोशीत उभी. डब्यावरचा दिवा ओळीच्या मध्यावर आला आणि तिथंच थांबला. पुढं सरकेना. बालाजीरावांचा हौद भरला, वरची टाकी भरली, मग त्यांनी जीप धुवायला काढली. मी म्हणाले, "बस करा की." तर म्हणाले, "टीटी वाजलं का ताई? न्हाई ना? नियम म्हंजी नियम." सर दुपारचे झोपलेले. मी त्यांना उठवायला गेले नाही, माझाही ताठा, म्हटलं आता कळू देच ह्यांच्या यंत्राची अब्रू. शेवटी बोअरनं गढूळ पाणी टाकलं, मोटार कोरडी घरघरली आणि बंद पडली.

दुसऱ्या दिवशी पोरींचा पेपर होता. आयुष्यभर ज्याची तयारी केली तो पेपर. आणि माझ्या घरात भांडी घासायलाही पाणी नाही. मी सरांच्या व्हरांड्यात जाऊन जे ओरडले ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू गेलं. तुमची शाळा, तुमचं विज्ञान, तुमचा न्याय, सगळं काढलं. सर लुंगीवर बाहेर आले. बोअरपाशी गेले, डबा उघडायला हात लावला आणि चटकन मागं घेतला, इतका तापलेला. धोतराच्या सोग्यात... नव्हे, लुंगीच्या टोकात धरून त्यांनी तो उघडला, आत बघत राहिले. मग म्हणाले, "माठ गळायलाय."

"काय?"

"कपॅसिटर. उन्हानं गळायलाय. जेवढं पडतंय तेवढं झिरपून चाललंय, भरणार कसा?" हे ते मला सांगत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. चुकलं असा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. माफी तर दूरच. संध्याकाळी अक्का दोन हंडे घेऊन आल्या, सरांनी पाठवले म्हणाल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पोरी जेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून सरांनी डब्याला एक जाडसर सुती कापड गुंडाळायला सुरुवात केली. उन्हाळ्यात माठाला गुंडाळतो तसं. दुपारी ऊन चढलं की तांब्या घेऊन यायचे आणि ते कापड भिजवायचे. तांब्यातलं पाणी स्वतःच्या हौदातलं, बोअरचं नव्हे, हे सगळ्यांना दिसावं म्हणून घरातून चालत यायचे. मला हसू आवरायचं नाही. "काय सर, पाणी मोजणाऱ्यालाच तहान लागली का?" असं मी रोज विचारायचे. ते रोज ऐकल्या न ऐकल्यासारखं करायचे. पण त्यानंतर दुपारच्या पाळ्या कधी लांबल्या नाहीत, हे मला कबूल करावं लागतं. कबूल करताना दात खाते, तरी करते.

नांदेडला मुलीकडं उपचाराला जायच्या आदल्या दिवशी ते माझ्या फाटकात आले. आत या म्हटलं नाही, आले नाहीत. फार वाळले होते, सदरा खांद्यावर टांगल्यासारखा दिसत होता. म्हणाले, "सुमनताई, मी येईपर्यंत डब्याचं कापड ओलं ठेवत जा."

मी म्हणाले, "अख्ख्या गल्लीत तुम्हाला मीच सापडले का?"

"हाव," ते म्हणाले. "भोंगा वाजला न्हाई तर आधी तुम्हीच ओरडता."

ही आमची शेवटची भेट. येईपर्यंत म्हणाले होते. आले नाहीत. जळकोटजवळच्या त्यांच्या गावी त्यांना माती दिली, मी एसटीनं गेले, लांब उभी राहिले आणि परत आले. तिथंही कुणीतरी म्हणत होतं, फार शांत माणूस.

सर गेल्यावर सुतकाचे दिवस सरले तसे बालाजीरावांनी डबा काढून अक्कांच्या घरी पोचता केला. बोअरपाशी चार लोकांना जमवून म्हणाले, "आता कशाला ते टीटी? आपण सगळे घरचेच माणसं हावत. समजून-उमजून घ्यू." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. खरं सांगते, मला वाटलं, आता तरी माझ्या पोरींना चार घागरी जास्त मिळतील. समजून-उमजून घेणाऱ्यांना एवढं तर समजेल!

समजलं ते मलाच. बालाजीरावांचा पाईप सकाळी पडायचा तो दुपारी निघायचा. त्यांनी मोटारीला स्वतःचं कनेक्शन जोडून घेतलं. त्यांच्यानंतर ज्याच्या घरात तरणी पोरं, धिप्पाड गडी, त्याचा पाईप. मी माझा पाईप घेऊन गेले की, "ताई, झालंच, पाच मिनिटं." ती पाच मिनिटं संध्याकाळपर्यंत संपायची नाहीत. मी आवाज चढवला तर बालाजीराव गोड आवाजात म्हणाले, "तुमचा धंदा हाय ताई. टँकर बोलवा की." सरांचंच वाक्य! पण सर ते म्हणायचे तेव्हा माझा ड्रम अर्धा तरी भरलेला असायचा. आता माझा ड्रम कोरडा, आणि समोरच्या अक्कांचाही कोरडा, कारण त्या एकट्या, त्यांना पाईप ओढत नाही, भांडता येत नाही. दोन पोरींचे आईबाप येऊन पोरींना दुसऱ्या मेसला घेऊन गेले. तिसरी जायच्या बेतात होती. मेस बंद पडली तर मी काय करणार, ह्या वयात, कुठं?

एका दुपारी मी फाटकात उभी राहून रडले. आणि मला राग आला तो बालाजीरावांचा नाही, मन्मथ सरांचा. इतकी वर्षं ह्या माणसानं मला अर्धा ड्रम दिला आणि मी त्याच्याशी पूर्ण ड्रमासाठी भांडत राहिले. तो अर्धाही कुणाच्या जिवावर मिळत होता हे मला सांगून जायला काय झालं होतं? नाही सांगितलं. कापड ओलं ठेवा म्हणून गेले.

मी तडक अक्कांकडं गेले. म्हटलं, "डबा द्या." अक्कांनी फडताळातून काढून दिला. आत मुंग्यांनी घर केलेलं, बॅटरीची एक तार तुटलेली, आणि कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलेलं. बाजारात जाऊन मी तो फुगलेला कपॅसिटर दुकानदारापुढं ठेवला आणि म्हणाले, अस्साच दे, दोन दे. सरांची डाग द्यायची इस्त्री अक्कांच्या पलंगाखाली होती. व्हरांड्यात, त्याच जागी, आम्ही दोघी बसलो. अक्कांनी पट्टी धरली, मी डाग दिला. बोट भाजलं. शिव्या दिल्या. बॅटरी जोडली आणि फट्ट! कपॅसिटर फुटला, माझ्या तोंडावर कसलातरी कागदाचा भुगा उडाला, आंबूस वास सुटला. अक्का आधी दचकल्या आणि मग हसत सुटल्या. सर गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसत होत्या... हसता हसता म्हणाल्या, "आगं, पट्टी म्हंजी वजा! किती येळा कानीकपाळी ओरडायचे ते!" मलाही तेव्हाच आठवलं. दुसरा सरळ लावला. दिवा पेटला, आम्ही दोघी त्याच्याकडं टक लावून बसलो, थोड्या वेळानं तो एक घर पुढं सरकला. अक्कांनी हात जोडले. पिवळा स्क्रू माझ्या बोटाखाली होता. आपली पाळी आली की जरासा फिरवायचा, पुन्हा जागेवर आणायचा, कुणाला कळलं असतं? मी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबा बोअरवर टांगला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून पाळी. बालाजीराव तावातावानं आले. "ताई, तुम्ही कोण पाळी ठरवणाऱ्या?" मी म्हणाले, "मी कोण ते सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. सर असताना ह्या डब्यावर सगळ्यात जास्त मीच ओरडले. आता डब्याच्या बाजूनं ओरडते. बघायचंय का?" तेवढ्यात अक्का आपला पाईप घेऊन आल्या. त्यांच्या मागून शेजारचे आले. मग अजून एक घर. बालाजीराव काहीतरी पुटपुटत राहिले, पण पाईप त्यांनी काढला.

पहिली पाळी समोरच्या घराची, अक्कांची. दुसरी माझी. पोरींनी मोठा ड्रम दारात आणून ठेवला होता, त्यात पाणी पडायला लागलं. दिवे सरकत होते. मी डब्याकडं बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, थांब जरा, थांब रे बाबा, आज तरी गळ. पण सकाळची वेळ, सावली होती. ड्रम अर्धा भरला आणि टी-टी-टी-टी सुरू झालं. सगळी गल्ली माझ्याकडं बघत होती. बालाजीराव तर हाताची घडी घालून बघत होते. मी माझ्या अर्ध्या ड्रमातून पाईप काढला आणि शेजाऱ्यांच्या हातात दिला. मग सरांच्या रिकाम्या व्हरांड्याकडं बघून मोठ्यानं म्हणाले, "झालं का समाधान?"

मेस चालू आहे. गेलेल्या दोघींतली एक परत आली. अर्ध्या ड्रमात भागवायचं कसं ते मी आजही शिकते आहे, आणि माप चुकीचं आहे असं आजही म्हणते, फरक एवढाच की आता ते कुणाला म्हणायचं ते कळत नाही. ऊन चढलं की मी तांब्या घेऊन बोअरपाशी जाते, कापड भिजवते. कोपऱ्यावर टपरीत बसलेली पोरं विचारतात, "काय मावशी, डब्याला तहान लागली का?" मी ऐकल्या न ऐकल्यासारखं करते. तांब्याभर पाणी माझ्याच ड्रमातलं जातं, आणि रोज ते ओतताना मला मन्मथ सरांचा राग येतो.